कालपर्यंत चालणारा घरचा गेम सर्व्हर आज मित्रांना का सापडत नाही : थेट जोडणीच्या वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखेच असते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर घरच्या संगणकावर चालू आहे, होस्ट करणारा स्वतः त्यात निवांत खेळतो आहे, शनिवारी रात्री चार मित्र बाहेरगावाहून व्यवस्थित आत आले होते. पण बुधवारी त्यांच्यापैकी एकालाही जोडता येत नाही. राउटरमधला पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली विनंती घरातल्या संगणकाकडे वळवण्याचा) नियम काढून पुन्हा घातला की कधी चालते, कधी चालत नाही, आणि चालले तरी आठ-पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी ‘राउटर बंद करून चालू करा’ हा सल्ला हमखास मिळतो. या अडचणीत तो बहुधा उलटा पडतो, कारण वीज गेल्यामुळे किंवा हाताने बंद केल्यामुळे राउटर नव्याने सुरू होणे हेच पुष्कळदा बिघाडाचे निमित्त असते.

थेट इंटरनेट जोडणीत मित्राचा संगणक आपल्या घराच्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर आणि ठरावीक पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या क्रमांक दिलेल्या दारावर, विनंती पाठवतो, राउटर ती घरातल्या नेमक्या संगणकाकडे वळवतो, आणि त्या संगणकाचे फायरवॉल ती आत सोडते. या वाटेवर आपण हात न लावताही बदलणाऱ्या चार गोष्टी आहेत : घरातल्या संगणकाचा पत्ता, विंडोजच्या फायरवॉलचा नियम, घराचा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेट कंपनीने आपल्याला दिलेल्या जोडणीचा प्रकार. यांपैकी काय बदलले ते कळेपर्यंत कोणतीही सेटिंग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशामुळे सुरू झाले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

मित्राला नेमका कोणता संदेश दिसतो

‘होत नाही’ एवढ्यावर समाधान न मानता मित्राकडून पडद्याचे चित्र मागवावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश असेल, तर त्या पत्त्यावर कोणते तरी यंत्र जागे आहे आणि त्याने स्पष्ट नकार दिला आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी पोर्टचा आकडा चुकलेला असतो, पत्ता आता दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी गेलेला असतो, किंवा आपला राउटर ती विनंती घरातल्या भलत्याच उपकरणाकडे पाठवत असतो. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ याचा अर्थ कोणी उत्तरच दिले नाही. विनंती वाटेत गिळली गेली. विंडोजचे फायरवॉल बंद पोर्टवर आलेल्या विनंतीलाही सहसा नकार न देता गप्प राहते, त्यामुळे टाइम आउटवरून सर्व्हर बंद आहे की वाट अडली आहे हे ठरवता येत नाही. ‘अननोन होस्ट’ म्हणजे पत्त्याऐवजी दिलेले नाव सापडत नाही. त्या वेळी राउटरकडे पाहण्याचेही कारण नाही.

आणि ‘आउटडेटेड क्लायंट’ किंवा ‘फेल्ड टू व्हेरिफाय युजरनेम’ असे काही दिसले, तर जोडणी उत्तम आहे. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, सर्व्हरने उत्तर दिले. फक्त दोघांच्या गेमच्या आवृत्त्या जुळत नाहीत किंवा खात्याची ओळख पटलेली नाही. या दोन संदेशांसाठी राउटर उघडून बसणारे लोक कमी नाहीत.

आतून बाहेर तपासत जावे

पहिली चाचणी त्याच संगणकावर. गेममध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ असे लिहून जोडून पाहावे. हे जमले नाही, तर दोष सर्व्हरमध्येच आहे. ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’ अशी एक ओळ असते आणि ती रिकामी ठेवायची असते. काही जुन्या मार्गदर्शनांत तिथे संगणकाचा घरातला पत्ता लिहायला सांगितलेले असते. मग तो पत्ता बदलला की सर्व्हर ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ असे म्हणून सुरूच होत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचे हे एक अगदी साधे कारण आहे. सर्व्हर वेगळा न चालवता चालू खेळातूनच ‘ओपन टू लॅन’ करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, आकडा स्वतः ठरवून दिला नाही तर गेम दर वेळी वेगळा पोर्ट निवडतो, आणि राउटरमधला २५५६५ चा, म्हणजे जावा आवृत्तीच्या नेहमीच्या पोर्टचा, नियम मग निरुपयोगी ठरतो.

दुसरी चाचणी घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून, १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला पत्ता देऊन. लोकलहोस्टवर चालले आणि इथे अडले, तर जवळजवळ नेहमी विंडोजचे फायरवॉल आडवे आलेले असते.

तिसरी चाचणी बाहेरून करायची आहे, आणि ती खरोखर बाहेरूनच करावी. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता टाकून पाहिल्यास अनेक राउटर ती विनंती परत आत वळवू शकत नाहीत. बाहेरच्या मित्रांना सर्व काही चालत असतानाही घरात मात्र टाइम आउट दिसतो. मोबाइलचा डेटा हॉटस्पॉटने लॅपटॉपला देऊन तपासावे, किंवा एखाद्या मित्राला फोनवर धरून ठेवावे. पोर्ट तपासणारी संकेतस्थळेही चालतील, पण त्या क्षणी सर्व्हर चालू असायला हवा; ऐकणारे कोणी नसेल तर बरोबर उघडलेला पोर्टही ती ‘बंद’ म्हणून दाखवतात.

घरातला पत्ता घसरतो तेव्हा

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर डीएचसीपी या पद्धतीने आपोआप पत्ता देतो आणि तो ठरावीक मुदतीसाठीच असतो. संध्याकाळी तासभर वीज जाऊन आली, घरातले फोन आणि टीव्ही संगणकाच्या आधी जागे झाले, की काल संगणकाकडे असलेला १९२.१६८.१.५ आज टीव्हीकडे गेलेला असू शकतो. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम मात्र अजूनही पाचवरच बोट दाखवत असतो. म्हणजे २५५६५ वर येणारे मित्र टीव्हीच्या दारात उभे राहतात, आणि टीव्ही त्यांना इमाने इतबारे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे सांगतो.

विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून आजचा पत्ता पाहावा आणि राउटरमधल्या नियमाशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, तर केवळ नियमातला आकडा बदलून थांबू नये, कारण पुढच्या वीजखंडानंतर हेच पुन्हा होणार. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या किंवा अशाच नावाची सोय असते. तिथे संगणकाचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) आणि हवा असलेला आयपी पत्ता एकदा बांधून टाकावा. यातही एक खोच आहे. विंडोजमध्ये वायफायसाठी ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ नावाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर संगणक राउटरला आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाही आणि आरक्षण लागू पडत नाही. घरच्या नेटवर्कपुरता तो बंद करावा. सर्व्हरचा संगणक केबलने राउटरला जोडला तर हा प्रश्नच उरत नाही; मात्र केबलच्या जोडणीचा मॅक पत्ता वायफायपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे आरक्षण त्या पत्त्यासाठी करावे लागते.

विंडोजचे फायरवॉल

सर्व्हर जावा या सॉफ्टवेअरवर चालतो, म्हणून तो पहिल्यांदा सुरू होताना विंडोज ‘जावाला नेटवर्कवर परवानगी द्यायची का’ असे विचारते. घाईत ‘कॅन्सल’ दाबले, तर विंडोज ते सोडून देत नाही. त्या जावासाठी मज्जाव करणारा नियम तयार करून ठेवते. पुढे आपण २५५६५ पोर्टला परवानगी देणारा नियम कितीही काळजीपूर्वक घातला, तरी मज्जावाचा नियम परवानगीच्या नियमाला भारी पडतो. म्हणून ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’च्या प्रगत खिडकीतल्या इनबाउंड (आत येणाऱ्या जोडण्यांच्या) नियमांच्या यादीत जाऊन, जावाच्या नावापुढे लाल गोल खूण असलेल्या ओळी आधी शोधाव्यात आणि काढून टाकाव्यात.

पुनःपुन्हा का बिघडते, याची दोन उत्तरेही याच यादीत सापडतात. एक म्हणजे, प्रोग्रामसाठी दिलेली परवानगी त्या प्रोग्रामच्या फाइलच्या पूर्ण मार्गाला दिलेली असते. जावाच्या बऱ्याच संचांत फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. जावा अद्ययावत झाली की फोल्डर नवे, फाइल नवी, आणि जुनी परवानगी तिला लागू होत नाही. यावर उपाय म्हणजे प्रोग्रामऐवजी टीसीपी (माहिती पाठवण्याच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक; दुसरी यूडीपी) २५५६५ या पोर्टला परवानगी देणारा नियम करणे. दुसरे कारण नेटवर्कच्या प्रकाराचे आहे. राउटर बदलला किंवा त्यातले वायफायचे नाव बदलले, तर विंडोज ते अनोळखी नेटवर्क समजून ‘पब्लिक’ वर्गात टाकू शकते, आणि आपली परवानगी फक्त ‘प्रायव्हेट’ वर्गासाठी असते. नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे. फायरवॉल संपूर्ण बंद करून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मिनिटभराच्या चाचणीपुरताच मानावा. अँटिव्हायरसचे स्वतःचे वेगळे फायरवॉल असेल, तर हे सगळे तिथेही पाहावे लागते.

बाहेरचा पत्ता, आणि मुळात तो आपला आहे का

इथे खरे दुखणे आहे आणि भारतातल्या घरगुती जोडण्यांत बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था एपीनिक शेवटच्या राखीव गटावर आली. त्यानंतर वाढलेल्या ग्राहकांना प्रत्येकी वेगळा सार्वजनिक पत्ता देणे कंपन्यांना परवडेनासे झाले, म्हणून अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याची व्यवस्था रूढ झाली. तिला सीजीनॅट म्हणतात. तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पत्त्यांचा पट्टा वेगळा काढला गेला. या व्यवस्थेत आपण बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, कारण ती कोणत्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नसते. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी तिथपर्यंत काही पोहोचतच नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा आणि ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळवून पाहावा. दोन्ही एकच असतील, तर सार्वजनिक पत्ता आपल्याच राउटरवर आहे आणि प्रश्न आपल्या हातातला आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर सीजीनॅट आहे. तो १० ने सुरू होत असेल, तरी केबलवाल्याच्या छोट्या जाळ्यातून आलेल्या जोडणीत अर्थ बहुधा तोच असतो. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर आधी घरातच पाहावे : फायबरचा कंपनीने बसवलेला डबा स्वतःच राउटरचे काम करत असतो आणि आपण हौसेने आणलेला दुसरा राउटर त्याच्या मागे लावलेला असतो. असे असेल तर दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, फक्त वायफाय पुरवण्यापुरता चालवावा, किंवा कंपनीचा डबा ‘ब्रिज’, म्हणजे राउटरचे काम न करता जोडणी तशीच पुढे देणारा, करून घ्यावा. दोन्हींत नियम घालूनही काम भागते, पण त्यात पुढे पुन्हा बिघडायच्या दोन जागा तयार होतात.

फसण्याची एक जागा सांगून ठेवतो. टेलस्केल वापरणाऱ्यांच्या संगणकावर आयपीकॉन्फिगमध्ये १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो, कारण ती सेवा आपल्या खासगी जाळ्यासाठी हाच पट्टा वापरते. त्यावरून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नये. पाहायचा आहे तो राउटरचा वॅन पत्ता.

पत्ता सार्वजनिक आहे, पण बदलता आहे, असे असेल तर डायनॅमिक डीएनएसचे नाव, म्हणजे बदलत्या पत्त्याकडे नेणारे कायमचे नाव, घेणे पुरते. मित्रांना आकड्यांऐवजी ते नाव द्यावे आणि पत्ता कळवत राहण्याचे काम राउटरकडे किंवा संगणकावरच्या छोट्या प्रोग्रामकडे सोपवावे. नो-आयपीसारख्या सेवेत मोफत नावाला दर ३० दिवसांनी दुजोरा द्यावा लागतो. ते राहून गेले की महिन्याने अचानक ‘अननोन होस्ट’ सुरू होते. सीजीनॅट असेल तर मात्र या नावाचा काहीही उपयोग नाही, कारण ते नाव अनेक घरांच्या सामायिक पत्त्याकडे बोट दाखवेल.

सीजीनॅट असल्यास

पहिला मार्ग कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागण्याचा. हेल्पलाइनवर ‘गेमसाठी पोर्ट उघडून द्या’ असे सांगितले की समोरची व्यक्ती राउटर रीसेट करायला लावते आणि तक्रार निकाली काढली जाते. त्याऐवजी ‘माझ्या जोडणीला सीजीनॅट आहे, मला सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे, त्याचे शुल्क किती’ असे लेखी विचारावे. अनेक कंपन्या तो वेगळे पैसे घेऊन देतात.

दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा; तो फुकट आहे आणि त्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते. भारतात आयपीव्ही६ चा प्रसार चांगला आहे आणि सीजीनॅटवरच्या पुष्कळ जोडण्यांना ते मिळालेले असते. त्यात प्रत्येक संगणकाला जगभरात एकमेव असा पत्ता असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही. फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या संगणकाच्या २५५६५ पोर्टला परवानगी द्यावी लागते. आयपीकॉन्फिगमध्ये दिसणाऱ्या पत्त्यांपैकी ‘एफई८०’ ने सुरू होणारा घराबाहेर चालत नाही, आणि ‘टेम्पररी’ असे लिहिलेला साधारण रोज बदलतो. म्हणून २ ने सुरू होणारा, पण ‘टेम्पररी’ नसलेला पत्ता द्यावा. गेममध्ये तो चौकटी कंसात लिहायचा असतो आणि पोर्टचा आकडा कंसाबाहेर, अपूर्णविरामानंतर (:). अट एकच : मित्राच्या जोडणीलाही आयपीव्ही६ हवे. शिवाय कंपनीने पत्त्याचा पुढचा भाग बदलला तर पत्ता नव्याने कळवावा लागतो.

तिसरा मार्ग झीरोटियर, टेलस्केल किंवा हमाची यांसारख्या सेवेने सर्वांचे एक खासगी जाळे बनवण्याचा. प्रत्येकाला प्रोग्राम बसवावा लागतो, पण नंतर सर्वजण एकाच घरात असल्यासारखे दिसतात. दोन्ही टोकांची थेट गाठ पडली तर वेग चांगला मिळतो. पडली नाही तर माहिती मधल्या सर्व्हरवरून फिरून येते आणि खेळ अडखळतो. चार-पाच जणांच्या गटाला मी हाच मार्ग सुचवेन. आणि गटातल्या एखाद्याकडे सार्वजनिक पत्ता असेल, तर सर्व्हर त्याच्याच घरी हलवणे हा सर्वांत कमी खटपटीचा उपाय आहे. तो शेवटी का सुचतो, कोण जाणे.

माइनक्राफ्टखेरीज इतर खेळ

वाट तीच, आकडे आणि प्रोटोकॉल वेगळे. टेरारिया टीसीपी ७७७७ वापरतो, काउंटर-स्ट्राइक १.६ यूडीपी २७०१५, फॅक्टोरिओ यूडीपी ३४१९७, आणि व्हॅलहाइम यूडीपी २४५६ व २४५७. माइनक्राफ्टचीच बेडरॉक आवृत्ती यूडीपी १९१३२ वर चालते, त्यामुळे जावाचा नियम तिला चालत नाही. राउटरमध्ये टीसीपीऐवजी यूडीपी, किंवा सरळ दोन्ही निवडावे. पोर्ट तपासणारी बहुतेक संकेतस्थळे फक्त टीसीपी पाहतात. यूडीपीवरच्या खेळासाठी त्यांनी ‘बंद’ म्हटले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

१९९९ चा मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हे निराळेच प्रकरण आहे. तो डायरेक्टप्ले या जुन्या पद्धतीने चालतो : टीसीपी ४७६२४, शिवाय २३०० ते २४०० हे सर्व पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर. त्यातही खेळ सुरू झाल्यावर प्रत्येक खेळाडूचा संगणक इतर प्रत्येकाशी थेट बोलतो. त्यामुळे होस्टने सगळे नीट केले तरी सामील होणाऱ्यांपैकी दोघे सीजीनॅटमागे असतील, तर लॉबीत सगळे दिसतात आणि खेळ सुरू होताना गळती लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये डायरेक्टप्ले हा भाग ‘विंडोज फीचर्स’मधून वेगळा चालूही करावा लागतो. या खेळासाठी पोर्टच्या नादी न लागता सरळ खासगी जाळे वापरावे. २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीला यातले काहीच करावे लागत नाही.

पोर्ट उघडा ठेवताना

इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात आणि २५५६५ हा आकडा त्यांना पाठ आहे. पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणजे सर्व्हर लपला, असे होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा खेळातल्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ लिहून जुन्या माइनक्राफ्ट सर्व्हरच्या संगणकावर परका कोड चालवता येत होता. ती त्रुटी १.१८.१ या आवृत्तीत दुरुस्त झाली. आवडत्या मॉडसाठी (खेळात भर घालणाऱ्या बदलांसाठी) त्याआधीची आवृत्ती चालवायचीच असेल, तर तिच्यासाठी माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीने दिलेली दुरुस्ती लावल्याशिवाय पोर्ट उघडू नये.

खेळातले घर आणि शेती जळाल्यावर नव्हे, तर सर्व्हर सुरू केल्याच दिवशी ‘व्हाइटलिस्ट ऑन’ (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) ही आज्ञा द्यावी आणि मित्रांची नावे एकेक करून जोडावीत. मात्र ‘ऑनलाइन-मोड’ बंद ठेवला असेल तर सर्व्हर खात्याची खातरजमा करत नाही. मग यादीतल्या मित्राचे नाव धारण करून कोणीही आत येऊ शकतो, आणि ते नाव होस्टचेच असेल तर त्याला सर्व अधिकार मिळतात. राउटरमधला ‘डीएमझेड’ हा पर्याय संगणकाचे सगळे पोर्ट एकदम बाहेर उघडतो; अडचण तात्पुरती सुटावी म्हणून तो चालू केला असेल, तर फॉरवर्डिंगचा एकच नियम नीट चालू झाल्याबरोबर तो बंद करावा.